माहुलीच्या पायथ्याहून : शिबिराचा अनध्याय

आमच्या स्मृतिकारांनीं अनध्यायाचे प्रसंग मोठ्या बारकाईनें सांगून ठेविले आहेत. मेघगर्जना झाली, वावटळ सुटली, कीं पाठ बंद. परंतु पाठ बंद राहिला म्हणून गुरुगृहींची चूल कांहीं विझत नसे. गाईंना वैरण घालावीच लागे आणि समिधाहि आणाव्या लागत. हें आठवण्याचें कारण असें कीं, ठाण्याच्या एका वाचकभगिनींनीं पत्र लिहून विचारलें आहे, "आमचा नातू मे महिन्यांत आपल्या शहापूरकडील एका उन्हाळी शिबिरास येऊन गेला. तेथील स्वयंपाकीण मावशी आणि डोंगरावर नेणारा दादा यांच्याविषयीं तो अजून बोलत असतो. शिबिर नसतें तेव्हां हीं माणसें करतात तरी काय?" प्रश्न साधा दिसतो, पण एका ओळींत त्याचें उत्तर देतां येण्यासारखें नाहीं.

सुटींतील शिबिराची ही रीत मूळची परदेशची. १८७६ सालीं झुरिक शहरांतील वाल्टर बियोन नांवाच्या धर्मोपदेशकानें गरिबांच्या अशक्त मुलांना आपेन्झेलच्या डोंगराळ मुलखांत राहावयास नेलें. १९०७ सालीं बेडन-पॉवेल यांनीं ब्राउन्सी बेटावर मुलांची छावणी भरविली आणि तींतून बालवीरांची चळवळ उभी राहिली. आतां आमच्या शहापूर-मुरबाडकडेहि मुंबई, ठाणें, कल्याण येथील मुलें सुटींत येतात. आसनगांवास आगगाडीनें उतरावें, माहुलीच्या पायथ्याशीं जावें, आणि १६३६ सालीं निजामशाही राखण्यासाठीं शहाजीराजांनीं शेवटची झुंज याच किल्ल्यावरून दिली, ही हकीकत रात्रीं चांदण्यांत ऐकावी. मुरबाडकडे गेलेल्यांनीं नाणेघाटाची जुनी वाट पाहावी. २ जानेवारी १९४३ रोजीं भाई कोतवाल व हिराजी पाटील जेथें धारातीर्थीं पडले, त्या सिद्धगडास नमस्कार करावा. मुलांच्या मनावर या गोष्टींचा ठसा उमटतो यांत संशय नाहीं.

कालिदासानें 'ऋतुसंहारा'चा आरंभ ग्रीष्मापासून केला आहे, आणि शिबिराचें वर्षहि तेथूनच सुरू होतें. परंतु ज्या महिन्यांत शिबिर मुलांनीं भरलेलें असतें, त्याच महिन्यांत इकडील विहिरी रित्या असतात. तानसा तलावाचें पाणी १८९२ पासून मुंबईस जात आहे. पुढें वैतरणेचें व भातशाचेंहि जाऊं लागलें. याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर मात्र वैशाखांत बायका हंडे मांडून टँकरची वाट पाहतात. शिबिरांतील मावशी आधीं आपल्या घरचें पाणी भरते, आणि मग शंभर मुलांच्या पोह्यांना फोडणी घालावयास येते.

मृगाचा पहिला पाऊस पडला कीं सारा देखावा पालटतो. आमच्या ओळखीच्या एका शिबिराची यंदाची हकीकत सांगतों. शेवटची मोटार गेली आणि मागें राखणदार, दोन पोरगे व एक कुत्री एवढींच राहिलीं. पावसानें उघडीप दिली तेव्हां राहुट्या धुवून वाळविल्या आणि कडुलिंबाचा पाला घालून माळ्यावर टाकल्या. कड्यावर चढावयाचे दोर हातभर हातभर चाचपून पाहिले. जे झिजले होते त्यांचे लगेच तुकडे केले, कारण वाईट दोर सबंध राहिला तर पुढें कोणीतरी चांगला समजून उचलतो. पातेलीं मोजलीं, कौलें परतलीं. आवारांत कमरेएवढें गवत माजलें आहे. नाग, घोणस, मण्यार, फुरसें या चौघांचाहि इकडे वावर असल्यामुळें राखणदार काठी आपटल्यावांचून सरपणास हात लावीत नाहीं. टाकळा, कुर्डू, करटोलीं दारांतच मिळतात. कुत्रीला चार पिलें झालीं आहेत. शहरांतलीं मुलें मोबाइलवर त्यांची चौकशी करतात, तेव्हां राखणदार बोलण्याऐवजीं तो मोबाइल ओढ्याच्या दिशेनें धरतो आणि पाण्याचा आवाज ऐकवितो.

बाकीचीं माणसें या दिवसांत आपापल्या शेतांवर असतात. राब उन्हाळ्यांतच भाजून झालेला असतो. आषाढांत चिखळणी करावयाची, रोपांच्या मुठी बांधावयाच्या, आणि डोक्यावर इरलें घेऊन दिवसभर वांकून लावणी करावयाची. मुलांना गडावर नेणारा दादा या वेळीं गुडघाभर चिखलांत असतो. शहराच्या हिशेबीं जो रिकामा हंगाम, तोच यांचा खरा हंगाम. ज्याला चार खाचरें आहेत त्याचें वर्ष येणेंप्रमाणें निभावून जातें.

ज्याला जमीन नाहीं त्याची गोष्ट निराळी. लावणीची मजुरी थोडे आठवडे मिळते. ती संपली कीं भात कापणीस येईपर्यंत हाताला काम नाहीं आणि कणगींत दाणा नाहीं. १९७७ सालीं महाराष्ट्रानें रोजगार हमीचा कायदा केला खरा, परंतु मातीखोदाईचीं कामें ऐन पावसांत चालणें कठीण. शिबिरांत मिळालेले पैसे वह्या-पुस्तकांत, बियाण्यांत आणि जुन्या देण्यांत गेलेले असतात. अशा भाद्रपदांत वीटभट्टीवाल्याचा मुकादम पाड्यावर येतो आणि उचल देतो. ती घेतली कीं दिवाळीनंतर बायकामुलांसह भिवंडी-कल्याणकडील भट्टीवर जावयाचें, आणि फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा पाऊस तोंडावर येईपर्यंत, तेथेंच राहावयाचें. मुलांची शाळा बुडते ती वेगळीच.

याचा शिबिराशीं संबंध काय, असें कोणी विचारील. संबंध अगदीं जवळचा आहे. ज्या पोरग्याला ओढ्यांतील कोणता खडक निसरडा आहे हें ठाऊक, दमलेलें मूल चेहऱ्यावरून ओळखतां येतें, साप दिसतांच मुलांना मागें कसें घ्यावें हें कळतें, तो मे महिन्यांत विटा थापीत असतो. त्याच्या जागीं नवा येतो. तो बिचारा कामसू असतो, पण त्याला डोंगर ठाऊक असला तरी मुलें ठाऊक नसतात. तो शिकून तयार होतो तोंवर त्याच्याहि घरीं भाद्रपद येतो. आपल्या मुलाचा हात मे महिन्यांत कोण धरणार, हें अशा रीतीनें आदल्या पावसाळ्यांतच, एका उपाशी घरांत ठरत असतें.

मीं पस्तीस वर्षें शाळेंत शिकविलें. उन्हाळ्याच्या सुटींत शाळेस कुलूप असे, तरी पगार हातीं येई, आणि त्याला कोणी धर्मादाय म्हटलें नाहीं. जून महिन्यांत तेच मास्तर त्याच वर्गांत उभे राहावेत, एवढा सरळ व्यवहार त्यांत होता. हाच न्याय स्वयंपाकिणीस कां लागूं नये? चालक म्हणतात कीं मिळकत दोन महिन्यांची आणि थोडी हिवाळी सहलींची, मग बारा महिने पगार कोठून द्यावा? हें म्हणणें खोटें नाहीं. परंतु पावसाळ्यांत कामें असतातच. झाडें लावणें, बांध घालणें, वाटा दुरुस्त करणें, पुढील वर्षासाठीं शिवणकाम करणें, हीं कामें या माणसांना वांटून द्यावीं. निदान भाद्रपदांत बिनव्याजी आगाऊ रक्कम द्यावी आणि ती मे महिन्यांत वळती करून घ्यावी. मुकादम जें करतो तेंच, पण गळ्यांत दोरी न घालतां. हा बोजा साऱ्या मुलांवर वांटला तर एकेकाच्या वांट्यास फारसा येणार नाहीं.

म्हणून माझी गृहिणींना आणि कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना विनंति आहे. शिबिर निवडतांना आपण न्हाणीघर पाहतों, जेवणाची चौकशी करतों, तें योग्यच आहे. त्याबरोबर आणखी तीन प्रश्न विचारावे. मुलांबरोबर असणारीं माणसें गेल्या वर्षींचींच आहेत काय? तीं किती वर्षें येथें टिकून आहेत? आणि पावसाळ्यांत त्यांना काय मिळतें? उत्तर देतांना चालक अडखळले, तर काय तें समजावें. हे प्रश्न विचारण्यास पैसा पडत नाहीं, मात्र ते वेळेवर विचारावे लागतात. वैशाखांत विचारून उपयोग नाहीं, कारण तोंपर्यंत उचल घेऊन माणूस भट्टीवर गेलेला असतो. श्रावण-भाद्रपद हीच त्याची वेळ.