अंजुमची जैनब आणि आपली पाळलेली पोरं

अरुंधती रॉय यांची 'द मिनिस्ट्री ऑफ अटमोस्ट हॅपिनेस' ही कादंबरी २०१७ साली आली. तिच्यात काश्मीर आहे, गुजरात आहे, जंतरमंतर आहे. मला मात्र तिच्यातली आई सगळ्यात महत्त्वाची वाटते. अंजुम ही जुन्या दिल्लीतली मुस्लिम तृतीयपंथी. जामा मशिदीच्या पायऱ्यांवर तिला एक रडणारी छोटी पोर सापडते आणि ती तिला घरी घेऊन येते. तीच जैनब. पुढे अंजुम कब्रस्तानात राहायला जाते, तिथेच एकेक खोली बांधते, आणि ज्यांना कुठेच जागा नाही अशांचं घर तयार होतं.

हे फक्त कादंबरीतच घडतं असं नाही. मुंबईत गौरी सावंत यांनी एड्सने आई गेलेल्या मुलीला वाढवलं. २०१७ च्या विक्सच्या जाहिरातीमुळे ते घराघरांत पोहोचलं. आणि जिंतूर तालुक्यातल्या आमच्या बोरीतही बहिणीचं पोर खालाने वाढवलं, शेजारीण गेली म्हणून तिची मुलगी बडी अम्मीकडे राहिली, यात कुणाला नवल वाटत नाही. नवल सुरू होतं ते शाळेचा दाखला, आधार, रेशनकार्ड काढताना. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. फॉर्मवर 'वडिलांचे नाव' या रकान्यापुढे लाल चांदणी लावणं एका मिनिटाचं काम असतं, पण त्या चांदणीपुढे बाई तासभर उभी राहते.

दत्तकाचा विषय निघाला की आपल्याकडे एकच वाक्य ऐकू येतं, 'इस्लाममध्ये दत्तक नाही.' सूरह अहज़ाब सांगते की मुलांना त्यांच्या बापाच्या नावाने हाक मारा, आणि बाप माहीत नसेल तर ते तुमचे दीनी भाऊ आहेत. म्हणजे मनाई मुलाची ओळख पुसण्याला आहे, त्याला सांभाळायला नाही. खुद्द पैगंबर (स.) यतीम होते. हलीमा सादिया यांनी त्यांना दूध पाजलं, काका अबू तालिब यांनी सांभाळलं. दुधाचं नातं मानणारी आपली परंपरा 'रक्ताशिवाय आई नाही' असं कुठल्या तोंडाने म्हणणार?

कायद्याची वाट खुली आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. शबनम हाश्मी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९ फेब्रुवारी २०१४ रोजी निकाल दिला की बाल न्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माची व्यक्ती दत्तक घेऊ शकते. मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने विरोध केला होता. न्यायालयाने सांगितलं की हा कायदा सक्ती करत नाही. ज्याला वैयक्तिक कायद्याप्रमाणे चालायचं आहे त्याने तसं चालावं. मला हे योग्य वाटतं. २०१५ च्या कायद्यात तर नातेवाइकाचं मूल धर्म न बघता दत्तक घेण्याचीही सोय आहे, म्हणजे खाला, फुफी, मामू, चाचा, नाना-नानी, दादा-दादी. अविवाहित किंवा घटस्फोटित बाईलाही दत्तक घेता येतं.

अडचण आहे ती बडी अम्मीची. शेजारीण नात्यात बसत नाही. तिला बालकल्याण समितीकडे जावं लागतं, आणि तिथे मूल तिच्याच पदरात पडेल याची खात्री नाही. घरातल्या घरात लिहून दिलेल्या कागदाला दत्तक म्हणून किंमत नाही. इथे कायदाही रक्ताकडेच बघतो, आणि ही सुधारणा आपल्या संघटनांनी मागायला हवी.

ज्यांना दत्तकच नको, त्यांच्यासाठी १८९० च्या कायद्याने जिल्हा न्यायालयातून पालकत्व घेता येतं. त्यात बापाचं नाव तसंच राहतं. पण पाळलेलं मूल वारस ठरत नाही. वारसांच्या संमतीशिवाय वसीयत करायची तर एक तृतीयांशापर्यंतच. हिबाला मात्र ती मर्यादा नाही, फक्त ताबा आपल्या हयातीत द्यावा लागतो. ज्या खालाने वीस वर्षं पोर वाढवलं, तिच्या दोन खोल्या तिच्या मागे पुतण्यांकडे जाऊ नयेत असं तिला वाटत असेल, तर जमातीतल्या जाणत्यांनी जुम्याच्या नमाजनंतर तिच्याजवळ बसून हिबानामा लिहून द्यावा आणि तो नोंदवायला तिच्याबरोबर जिंतूरला जावं.