जुनं आहे म्हणून आपलं आहे?

‘आमचा धर्म हजारो वर्षांचा आहे आणि त्यात स्त्रीला देवीचा मान होता.’ हे वाक्य कानावर पडलं की आपल्यातल्या काहीजणी सुखावतात, काहीजणी सावध होतात. आपल्याकडे गार्गी-मैत्रेयीची नावं घेऊन हेच वाक्य बोललं जातं. उमा चक्रवर्ती यांनी १९८९ साली त्याला उत्तर देताना विचारलं होतं की त्या सुवर्णकाळात दासीचं काय झालं? तो वाद आपल्याला ओळखीचा आहे. आज मात्र मला इंग्लंडमधल्या एका पंथाबद्दल लिहायचं आहे. शेजारच्या घरातला गुंता आपल्याला जरा लवकर दिसतो, एवढंच त्यामागचं कारण.

पंथाचं नाव विक्का. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३ हजार लोकांनी आपला धर्म म्हणून हे नाव लिहिलं. स्वतःला ‘पेगन’, म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या आधीच्या देवदेवतांचे उपासक म्हणवणारे सुमारे ७४ हजार होते. विक्कामध्ये देवी आहे, शिंगवाला देव आहे, लहान लहान गुप्त मंडळं आहेत, दीक्षेच्या तीन पायऱ्या आहेत आणि मंडळाची मुख्य पुजारीण बाई असते. चर्च ऑफ इंग्लंडने पहिल्या स्त्री-धर्मगुरूंना दीक्षा दिली ती १९९४ साली. त्याच्या चाळीस वर्षं आधी हे लोक बाईला वेदीपुढे उभी करत होते. बायकांना या पंथाची ओढ वाटली यात नवल नाही.

हा पंथ लोकांसमोर आणला जेराल्ड गार्डनर यांनी. जन्म १८८४ चा. सिलोन, बोर्निओ आणि मलायात चहा-रबराच्या मळ्यांवर आणि मग कस्टम खात्यात नोकरी करून १९३६ साली ते मायदेशी परतले. दक्षिण इंग्लंडमधल्या न्यू फॉरेस्ट भागात १९३९ साली आपल्याला एका गुप्त मंडळाची दीक्षा मिळाली, हे मंडळ म्हणजे युरोपच्या जुन्या धर्माचा अखंड चालत आलेला धागा आहे, असं ते सांगत. चेटुकविरोधी जुना कायदा १९५१ साली रद्द झाला आणि १९५४ साली त्यांचं ‘विचक्राफ्ट टुडे’ हे पुस्तक आलं. त्याला प्रस्तावना होती मार्गारेट मरे यांची.

मरेबाई साध्यासुध्या नव्हत्या. कलकत्त्यात जन्मलेल्या, लंडनच्या विद्यापीठात इजिप्तच्या प्राचीन संस्कृतीचा अभ्यास केलेल्या, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडलेल्या. १९२१ साली त्यांनी असा सिद्धांत मांडला की युरोपात चेटकिणी म्हणून ज्यांना मारलं, त्या खरोखरच एका प्राचीन धर्माच्या उपासक होत्या. १९२९ पासून चाळीस वर्षं ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’त चेटुकावरची नोंदही त्यांचीच होती, त्यामुळे सामान्य वाचकाला हाच इतिहास वाटला. पुढे १९७५ साली नॉर्मन कोन यांनी मूळ कबुलीजबाब काढून तपासले. बाई हवेत उडाली, तिने प्राण्याचं रूप घेतलं, असले न पटणारे भाग मरेबाईंनी गाळले होते आणि उरलेलं खरं म्हणून छापलं होतं. १९९९ साली रोनाल्ड हटन यांनी विक्काचे विधी तपासून दाखवलं की त्यांचे धागे फ्रीमेसन मंडळं, एकोणिसाव्या शतकातल्या गूढ संस्था आणि अलेस्टर क्राउली यांच्या लिखाणापर्यंत जातात. न्यू फॉरेस्टमध्ये एखादं मंडळ होतं असं धरलं, तरी ते शतकानुशतकं चालत आल्याचा पुरावा हाती लागलेला नाही.

मग बिघडलं काय? नवा धर्म काढायला बंदी थोडीच आहे? माझं म्हणणंही तेच आहे. बिघडलं ते नव्याला जुनं म्हटल्यामुळे, आणि त्याची किंमत एका बाईने मोजली.

तिचं नाव डोरीन व्हॅलिएंट. १९५३ साली गार्डनर यांनी तिला दीक्षा दिली. ‘प्राचीन’ म्हणून दाखवलेल्या पोथीत क्राउलीची वाक्यंच्या वाक्यं आहेत हे तिने ओळखलं, कारण तिने क्राउली वाचला होता. तिने तोंडावर सांगितलं. तुला याहून चांगलं जमत असेल तर कर, असं गार्डनर यांचं उत्तर. तिने ते केलं. विक्काचे विधी तिने नव्याने लिहून काढले. देवी स्वतः भक्तांशी बोलते ते गद्य, जे आज जगभर म्हटलं जातं, त्याला आजचं रूप तिने दिलं. पण पंथाचं सांगणं असं की हे सगळं पूर्वापार चालत आलेलं. म्हणजे मेहनत बाईची आणि जमा परंपरेच्या खात्यावर! लोणच्यापासून लग्नातल्या गाण्यांपर्यंत आपण हाच हिशेब पाहत आलोय. बाईने केलेलं काम ‘आमच्याकडे असंच असतं’ या शब्दांत बुडून जातं.

याच्या पुढचं अधिक बोलकं आहे. १९५७ साली मंडळात वाद झाला. गार्डनर यांना वर्तमानपत्रांत झळकायची हौस, तर इतरांना नोकरी आणि अब्रू जाण्याची धास्ती. डोरीनने आणि काही सभासदांनी कारभारासाठी नियमांचा मसुदा केला. मागणी रास्त होती: कुणी एकट्याने मुलाखती देऊ नयेत. गार्डनर यांनी कळवलं की नव्या नियमांची गरजच नाही, पंथाचे प्राचीन कायदे आहेतच. आणि जुनाट वळणाच्या इंग्रजीत लिहिलेले कायदे त्यांनी पाठवून दिले. त्यात एक कलम असं होतं की मुख्य पुजारिणीने तारुण्य ओसरलं की आपली जागा गोडीगुलाबीने धाकट्या बाईला द्यावी. डोरीन तेव्हा पस्तीस वर्षांची होती. इतकी वर्षं हे कायदे कुठे होते, हा साधा प्रश्न तिला आणि तिच्या सोबत्यांना पडला. हे गार्डनर यांनीच रचलेत हे त्यांनी ओळखलं आणि ते मंडळातून बाहेर पडले. १९८९ साली आपल्या पुस्तकात तिने हा सारा प्रकार लिहून ठेवला.

हा प्रसंग मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्या पंथात बाई वेदीपुढे उभी होती, तिथेही ती उभी होती ‘प्राचीन धर्म सांगतो’ म्हणून. त्यामुळे तिने तोंड उघडताच ‘प्राचीन धर्म सांगतो’ म्हणूनच तिला बाजूला व्हायला सांगता आलं. जुनेपणाने दिलेला मान जुनेपणाच्याच नावाने काढून घेता येतो. आणि जुनं काय हे ठरवणार कोण? ज्याच्या पेटीत पोथी, तो. त्यात गुप्ततेची शपथ घातली की झालंच! पोथी कुणी पाहायची नाही, बाहेर कुणाला विचारायचं नाही. डोरीनकडे बाहेरचं वाचन होतं म्हणून तिला चोरी पकडता आली. जिच्याकडे ते नसेल तिने काय करायचं? कुठल्याही बुवाच्या मठात हीच गोष्ट घडते. एकवेळ श्रद्धा चालेल. पण ‘कुणाला सांगू नकोस’ हे शब्द ऐकले की बाईने पायात चपला घालाव्यात.

आता ज्यांच्या नावावर हे सगळं चाललं त्या बायकांकडे येऊ. नव्वद लाख चेटकिणी जाळल्या, हा आकडा पाश्चात्त्य स्त्रीमुक्ती चळवळीत खूप फिरला. अठराव्या शतकात एका जर्मन लेखकाने एका गावच्या दप्तरावरून गुणाकार करून तो काढला आणि १८९३ साली माटिल्डा जोसलिन गेज या लढाऊ अमेरिकन बाईंच्या पुस्तकातून तो पसरला. आजचे इतिहासकार बळींची संख्या ४० ते ६० हजार मानतात. त्यांत चारांपैकी साधारण तीन बायका. इंग्लंडात तर जाळत नसत, फाशी देत. ४० हजार हा आकडा काय कमी आहे? अन्याय मोठा ठरायला त्याला शून्यं जोडावी लागत नाहीत.

आणि या कोण होत्या? बहुतेकजणी साध्या ख्रिस्ती बायका. गाईचं दूध आटलं, शेजारचं मूल दगावलं, उसनं मागायला गेल्यावर भांडण झालं, एवढ्यावर नाव घेतलं गेलेल्या. त्यांना गुप्त पंथाच्या पुजारिणी ठरवणं म्हणजे छळ करून वदवून घेतलेला जबाब खरा मानणं. बायका रात्री जमत होत्या, वेगळ्याच देवाला भजत होत्या, असं न्यायाधीश म्हणत होते. आपणही तेच म्हणायचं, फक्त कौतुकाने? नंदुरबारच्या सातपुडा भागात एखाद्या बाईला डाकीण ठरवतात, तेव्हा आपण तिला आदिम देवतेची उपासक म्हणत नाही. आपण विचारतो, घरात आजारी कोण होतं, नाव कुठल्या भगताने घेतलं, तिच्या जमिनीवर डोळा कुणाचा. म्हणून तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याची गरज होती. युरोपातल्या त्या मेलेल्या बायकांनाही एवढा न्याय मिळायला हवा.

शिवाय जुनेपणाचं हत्यार कायम बाईच्याच बाजूने चालेल असं थोडंच आहे? १९११ साली व्हिएन्नात गिडो फॉन लिस्ट यांच्या अनुयायांनी एक गुप्त मंडळ काढलं. वोटान देवाचे प्राचीन पुरोहित ख्रिस्ती धर्म आल्यावर भूमिगत झाले आणि त्यांचं ज्ञान आपल्यापर्यंत पोचलं, असा लिस्ट यांचा दावा. त्यांनी रंगवलेल्या आदर्श राज्यात पूर्ण हक्क आर्य-जर्मन कुटुंबातल्या कर्त्या पुरुषाला, आणि लग्नांवर वंशशुद्धीचे कडक नियम. त्यांनी प्रचारात आणलेल्या रून अक्षरांपैकी एक पुढे नाझींच्या एस. एस. दलाच्या बिल्ल्यावर जोडीने आलं. दावा तोच: आम्ही प्राचीन आहोत, आमचं ज्ञान गुप्त आहे. एकाने त्यातून पुजारीण काढली, दुसऱ्याने वंशशुद्धी.

याला दुसरी वाट आहे. आइसलँडमध्ये १९७२ साली जुन्या नॉर्स देवांना मानणाऱ्या काही लोकांनी उघडपणे संस्था काढली आणि १९७३ साली तिला सरकारी मान्यता मिळाली. आपण अखंड परंपरेचे गुप्त वारस आहोत असं त्यांना सांगावं लागलं नाही. जुन्या कथा आम्हाला आवडतात, त्यातून आम्ही आज काही उभारतो आहोत, एवढं म्हणणं पुरेसं असतं. अशा ठिकाणी नियम चुकला तर सभेत बदलता येतो.

मैत्रिणींनो, देवी मानायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण आपला हक्क पूर्वी होता म्हणून आज हवा, असं म्हणण्याच्या फंदात आपण पडू नये. पूर्वी नव्हता असं उद्या कुणी सिद्ध केलं तर काय सोडून देणार? ताराबाई शिंद्यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिताना प्राचीन काळाचा दाखला मागितला नाही. उलट पुराणातल्या देवा-ऋषींचीही हजेरी घेतली. डोरीन व्हॅलिएंटने जे लिहिलं ते प्राचीन नव्हतं. ते १९५० च्या दशकातल्या एका बाईने टेबलाशी बसून लिहिलं होतं, आणि ते चांगलं होतं. त्याच्यावर तिचं नाव असायला हवं होतं.