कलप पोटात गेला तर?

केस काळे करणाऱ्या अनेक कलपांतील पॅराफिनिलीन डायअमाईन हे रसायन पोटात गेल्यास जिवावर बेतते. झाशीच्या महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी बुंदेलखंडातील अशा रुग्णांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध केला. काही तासांतच चेहरा व मान सुजून श्वास कोंडतो. कधी गळ्याला छेद देऊन श्वासमार्ग मोकळा करावा लागतो. पुढे स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतील मायोग्लोबिन रक्तात उतरते, लघवी काळपट तपकिरी होते आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात. या विषावर नेमका उतारा नाही. म्हणून घरातील कलप कुलुपातच ठेवावा. तो कोणत्याही कारणाने पोटात गेल्यास, सूज येण्याची वाट न पाहता, रुग्णाला पाकिटासह ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्यावे.