सर्वनाम आणि चाकरी

व्याकरण शिकविण्यात जन्म गेल्यामुळे, सर्वनामापायी कोणाची भाकरी गेली असे वाचले म्हणजे आम्हांस ती वार्ता सोडवत नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात वेस्ट पॉइंट येथे फ्रेंच शिकविणाऱ्या एका शिक्षकास २०१८ च्या डिसेंबरात शाळामंडळाने काढले. जन्माने मुलगी असलेला एक विद्यार्थी आता मुलगा म्हणून वावरू लागला होता. शिक्षक त्यास नव्या नावाने हाक मारीत. परंतु 'तो' म्हणण्यास त्यांची धर्मबुद्धी धजेना. २०२३ साली त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांची फिर्याद चालण्याजोगी ठरविली, आणि पुढील वर्षी ५,७५,००० डॉलरांवर तडजोड झाली. दुसरी वार्ता नेमकी उलट दिशेची. न्यूयॉर्क राज्यातील हौटन या ख्रिस्ती विद्यापीठाने २०२३ साली वसतिगृहाचे दोन अधिकारी काढले. कारण ईमेलखाली सहीपाशी त्यांनी आपापली सर्वनामे लिहिली होती आणि ती खोडण्यास ते तयार नव्हते. नावांवरून ते स्त्री की पुरुष हे वाचणाऱ्यास उमगत नाही, असे त्यांचे म्हणणे होते.

ही साहेबांची थेरे म्हणून हसणारे घरोघर आहेत. आम्हांस हसू येत नाही. संस्कृतात अस्मद् व युष्मद् यांस लिंगभेद नाही. मराठीतही 'तू आलास', 'तू आलीस' हा भेद 'तुम्ही आलात' म्हणताच मावळतो. अर्थात समोरच्यास मान दिला की त्याचे लिंग विचारण्याची गरजच उरत नाही. आमच्या करवीरात तर लेकीबाळी 'मी आलो', 'मी जातो' असे सर्रास म्हणतात. पुण्याहून नवी आलेली सून चार दिवस दचकते, मग तिच्याही कानांस सवय होते. तथापि 'अहो'च्या ठिकाणी 'अरे' आले तर याच गावात भांडण पेटते.

शब्द नाकारल्यामुळे चाकरी जाण्याचा मोठा दाखलाही आमच्याच गावचा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्तिकस्नानास पंचगंगेवर गेलेल्या शाहू छत्रपतींच्या ध्यानात आले की, उपाध्याय वेदोक्त मंत्र सोडून पुराणोक्त म्हणत आहे. विचारता उत्तर मिळाले की, शूद्रांस पुराणोक्तच सांगावयाचे. पुढे महाराजांनी राजोपाध्यांस वेदोक्त विधी करण्याविषयी सांगितले. ते नाकारीत राहिले. लोकमान्यांनी १९०१ साली 'केसरी'त या वादावर लिहिले. दरबाराने मंडळ नेमून अधिकाराचा प्रश्न तपासविला, आणि १९०२ च्या मे महिन्यात राजोपाध्यांचे इनाम जप्त झाले. इनाम वंशपरंपरेचे आहे, असे राजोपाध्यांचे म्हणणे. ते सेवेबद्दलचे, सेवा नाकारली की संपले, असे दरबाराचे. पोलिटिकल एजंट, मुंबई सरकार, हिंदुस्थान सरकार, तिन्ही पायऱ्या चढून राजोपाध्ये रिकाम्या हातांनी परतले.

आमच्या समाजात ही कथा पिढ्यान्‌पिढ्या अन्यायाची म्हणून सांगितली गेली. आम्हांस ते मान्य नाही. ज्याच्या नावे संकल्प सोडावयाचा, त्यास त्याचा मान नाकारून त्याचेच अन्न खाणे हे कोणत्या शास्त्रात बसते? त्याच न्यायाने व्हर्जिनियातील शिक्षकांनी 'तो' म्हणावयास हवे होते. पोराने मागितले ते काय, एक अक्षर! परंतु त्या एका अक्षरापायी घरी बसविणे ही शिक्षा आम्हांस जड वाटते. समज देता आली असती, वर्ग बदलता आला असता. हौटनच्या दोघांचा तर आम्हांस दोषच दिसत नाही.

राजोपाध्ये हरले, पण त्यांस काढण्याचे कारण सांगितले गेले, त्यावर तीन ठिकाणी दाद मागता आली. अमेरिकेत माँटाना हे एक राज्य वगळता सामान्य नियम असा की, करार वा एखादा कायदा आड येत नसेल तर मालक नोकरास केव्हाही, कारण न सांगता घरी पाठवू शकतो. आमच्या वाचकांची कितीतरी मुले-नातवंडे आज तेथे नोकरीस आहेत. पगाराचा आकडा ती पत्रातून कळवितात, ही अट सहसा कोणी कळवीत नाही.

आपल्याकडे बरे आहे, असेही कोणी समजू नये. खाजगी शाळांतील नोकरांविषयीच्या महाराष्ट्राच्या १९७७ च्या कायद्याने कायम शिक्षकास गैरवर्तनाबद्दल चौकशीवाचून काढता येत नाही, आणि काढल्यास तीस दिवसांच्या आत शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येते. परंतु परिवीक्षेच्या काळात एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार हातावर ठेवला की पुरते. तृतीयपंथी असल्याचे कळताच ज्या शिक्षिकेस गुजरातेतील शाळेने रुजू करून घेतले नाही, तिला २०२५ च्या ऑक्टोबरात भरपाई मिळाली. पण त्यासाठी तिला थेट दिल्लीस सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले. तासिकेवर शिकविणाऱ्या कोल्हापुरातील एखाद्या तरुण मास्तराचे वर्ष सरले आणि जूनमध्ये बोलावणे आले नाही, तर त्याने कोणते दार ठोठवावे?