यंत्रमानवाची किंमत आणि हातांचे मोल

खेळणी हा राजकीय चर्चेचा विषय होऊ शकतो, असे आपल्या बहुसंख्य कार्यकर्त्यांना वाटत नाही. त्यातही मोटारीचा यंत्रमानव आणि यंत्रमानवाची पुन्हा मोटार करून दाखविणारी जपानी खेळणी, आणि तीही चाळिशी-पन्नाशीच्या गृहस्थांनी हजारो रुपये मोजून कपाटात मांडलेली, म्हटल्यावर हा रिकामटेकड्यांचा चाळा आहे, असे म्हणून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखकाला हा निकाल घाईचा वाटतो. वस्तूची किंमत कशी ठरते, तिची घडण कशामुळे सुधारते वा बिघडते, आणि ती घडविणारा माणूस व्यवहारातून अदृश्य कसा होतो, हे तीनही प्रश्न समाजवादी विचाराच्या गाभ्याचे आहेत. ह्या खेळण्यांच्या पेठेत ते फार स्पष्ट दिसतात.

प्रथम थोडा इतिहास पाहू. युद्धोत्तर काळात तोक्योच्या पूर्वेकडील कात्सुशिकासारख्या वस्त्यांत लहानलहान कारखान्यांतून आणि नगावर मजुरी घेऊन घरोघरी चालणाऱ्या कामातून खेळण्यांचा उद्योग वाढला. ‘तकारा’ ही १९५५ साली स्थापन झालेली कंपनी ह्याच वस्तीतली. तिने १९७४ मध्ये ‘मायक्रोमॅन’ आणि १९८० मध्ये ‘डायाक्लोन’ ही खेळण्यांची मालिका काढली. डायाक्लोनच्या यंत्रात जेमतेम इंचभर उंचीचा चालक बसे. पुढे त्यात मोटारीचे रूप घेणारे यंत्रमानव आले. १९८४ मध्ये अमेरिकेतील ‘हॅस्ब्रो’ कंपनीने ही खेळणी परवान्याने घेतली, ‘मार्व्हल’च्या लेखकांकडून त्यांना नावे आणि कथा लिहवून घेतल्या, आणि ‘ट्रान्स्फॉर्मर्स’ ह्या नावाने ती बाजारात आणली. १९८५ मध्ये तीच खेळणी हे अमेरिकी नाव लावून जपानात परत आली. साचे जपानी, कथा अमेरिकी, आणि नफ्याची वाटणी दोन कंपन्यांत, असा हा प्रारंभापासूनचा व्यवहार आहे.

१९८४ ह्या सालाला आणखी एक अर्थ आहे. रेगन यांच्या राजवटीत अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांवरील जाहिरातींच्या मर्यादा त्याच वर्षी काढून टाकल्या. त्या वर्षीच्या सप्टेंबरात ट्रान्स्फॉर्मर्सची चित्रमालिका सुरू झाली. कार्यक्रम कोणता आणि जाहिरात कोणती, हे सांगण्याची सोय उरली नाही. १९८६ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या चित्रपटात ऑप्टिमस प्राइम हा नायक आणि त्याचे अनेक सहकारी मारले गेले. कथेला त्याची गरज होती असे नाही. जुन्या खेळण्यांची विक्री थांबवून नव्यांना जागा करून द्यावयाची होती. चित्रगृहात मुले रडली, पालकांनी तक्रारी केल्या, आणि १९८७ मध्ये नायकाला जिवंत करावे लागले. मुलांच्या दुःखाला विक्रीच्या वेळापत्रकात कोणते स्थान असते, हे त्या प्रकरणाने दाखवून दिले. जाहिरातींवर पुन्हा काही मर्यादा घालणारा कायदा होण्यास १९९० साल उजाडले.

आता घडणीकडे वळू. संग्राहक मंडळी आपसात ज्या गोष्टींचा काथ्याकूट करतात, त्या ऐकण्यासारख्या असतात. सांधा घट्ट आहे की पहिल्याच आठवड्यात ढिला पडतो? खटका नेमक्या कोनात बसतो का? जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव भाग किती आणि नुसते प्लास्टिक किती? रंग कडेला ओघळला आहे का? मोटारीच्या रूपात दारे आणि छत ह्यांच्यामध्ये फट राहते का? ही सारी चिकित्सा मूलतः कारागिराची आहे. सुतार चौकटीचा सांधा पाहतो आणि विणकर धोट्याखालचे कापड चाचपतो, त्याच जातीची ही नजर आहे. चांगल्या घडणीची पारख असणाऱ्या माणसाची आपण चेष्टा करू नये. ती पारख आज समाजात दुर्मिळ होत चालली आहे.

मात्र ह्या पारखेला एक विलक्षण धडा मिळालेला आहे. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धापासून काही खेळण्यांत धातूची चमक देणारे कण मिसळून सोनेरी प्लास्टिक वापरले गेले. ते दिसावयाला देखणे होते, परंतु काही वर्षांत ठिसूळ होऊन हाताच्या स्पर्शाने त्याचा चुरा होऊ लागला. जे खेळणे कधी खोक्याबाहेर काढलेच नाही, त्याचीही हीच गत झाली. ज्यांनी ते खेळण्यासाठी घेतले त्यांना निदान काही दिवस आनंद मिळाला. ज्यांनी किंमत वाढेल म्हणून खोके न उघडता जपून ठेवले, त्यांच्या हाती भुकटी आली. वस्तूला केवळ गुंतवणूक मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

किंमतीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. प्लास्टिक स्वस्त असते. महाग असतो तो पोलादी साचा. परंतु एकदा साचा तयार झाला की त्यातून हवे तितके नग काढता येतात, आणि रंग बदलून त्याच साच्यातून दुसरे पात्रही विकता येते. स्टारस्क्रीम, थंडरक्रॅकर आणि स्कायवार्प ही तीन वेगळी पात्रे म्हणजे एकाच साच्यातून निघालेले, तीन रंगांत रंगविलेले एकच विमान होय. साच्याचा खर्च एकदा, नाव आणि रंग मात्र पुनःपुन्हा. त्यावर परवान्याचे मूल्य आणि ‘मर्यादित आवृत्ती’ ह्या शब्दांनी निर्माण केलेली कृत्रिम टंचाई ह्यांची भर पडते. टंचाई असली की साठेबाज आलाच. धान्याच्या बाबतीत ज्याला आपण काळा बाजार म्हणतो, त्याला ह्या पेठेत ‘पुनर्विक्री’ असे सभ्य नाव आहे.

भांडवलशाहीची कल्पकता एवढ्यावर थांबत नाही. २०१९ मध्ये हॅस्ब्रोने ‘युनिक्रॉन’ नावाचे सुमारे २७ इंच उंचीचे एक अवाढव्य खेळणे जाहीर केले. किंमत ५७४.९९ डॉलर. अट अशी की आगाऊ नोंदणी करणारे ८,००० ग्राहक मिळाले तरच ते तयार केले जाईल. मुदत वाढवून संख्या गाठण्यात आली आणि खेळणी २०२१ मध्ये पोहोचली. उद्योजक जोखीम पत्करतो म्हणून नफ्यावर त्याचा हक्क असतो, असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके आपल्याला शिकवीत आली. येथे मागणीची जोखीम ग्राहकांनी उचलली. नफ्याच्या हक्काला मात्र धक्का लागला नाही.

हे सर्व पाहिल्यावरही एक गोष्ट नजरेआड राहते. तो सांधा बसविला कोणी? १९८५ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या प्लाझा हॉटेलात पाच श्रीमंत राष्ट्रांनी डॉलर उतरविण्याचा करार केला. सुमारे २४० येनचा डॉलर दोन वर्षांत १५० येनच्याही खाली आला. जपानात मजूर लावून खेळणी निर्यात करणे परवडेनासे झाले. कात्सुशिकाच्या गल्ल्यांतील काम दक्षिण चीनकडे आणि पुढे व्हिएतनामकडे गेले. २००६ मध्ये तकारा आणि तोमी ह्या दोन कंपन्या एकत्र झाल्या, त्यांचे मुख्य कार्यालय कात्सुशिकातच राहिले. आज ज्याला आपण ‘जपानी खेळणे’ म्हणतो, त्याचा आराखडा जपानी असतो. खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत देशाचे नाव वेगळेच असते. कारखान्याचे नाव तर नसतेच.

त्या कारखान्यांतील परिस्थितीविषयी जगाला जाग आली ती मृत्यूंमुळे. १० मे १९९३ रोजी थायलंडमधील केडर खेळणी कारखान्याला आग लागली आणि १८८ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत तरुण स्त्रियाच अधिक होत्या. त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला चीनमधील शेन्झेन येथील झिली कारखान्यात ८० हून अधिक कामगार जळाले. दोन्ही ठिकाणी बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या. ह्या कारखान्यांत यंत्रमानव तयार होत नव्हते, हे नमूद केले पाहिजे. परंतु मोठ्या कंपनीने काम बाहेर द्यावयाचे, ठेकेदाराने दर पाडून ते घ्यावयाचे आणि नाताळापूर्वीच्या हंगामात रात्रंदिवस पाळ्या चालवावयाच्या, ही पद्धत संपूर्ण उद्योगाची होती. न्यूयॉर्कच्या ‘चायना लेबर वॉच’ ह्या संस्थेने त्यानंतरच्या काळात प्रसिद्ध केलेल्या अहवालांतही हंगामी जादा तासांची तक्रार पुनःपुन्हा येते.

येथे संग्राहकाची तक्रार आणि कामगाराची तक्रार एकमेकींना भेटतात. खेळण्यात बारीक सांधे, स्क्रू आणि रंगाचे ठिपके अनेक असतात, आणि त्यातले बरेचसे काम माणसाच्या हातांनी होते. बाराव्या तासाला थकलेल्या बोटांनी बसविलेला सांधा वाकडा बसला, तर त्याचा दोष कोणाचा? ग्राहक त्याला ‘गुणवत्ता-नियंत्रणाचा दोष’ म्हणतो. तपासनीस नेमल्याने असा नग बाजूला काढता येईल. बोटांचा थकवा त्याने जाणार नाही. घडणीचा आग्रह शेवटपर्यंत नेला तर तो कामाच्या तासांपर्यंत जाऊन पोहोचतो. बहुतेक संग्राहक तेथवर जात नाहीत, कारण त्यांना तेथवर नेणारे कोणी नाही.

ह्या व्यवहाराला एक वर्गीय बाजूही आहे. २००३ पासून तकाराने ‘मास्टरपीस’ ह्या नावाने प्रौढांसाठी मालिका सुरू केली. पहिलाच ऑप्टिमस प्राइम भरपूर धातू वापरलेला, वजनदार होता. दुसरीकडे लहान मुलांसाठी एका झटक्यात रूप बदलणारी, मोजक्या भागांची, पोकळ प्लास्टिकची खेळणी आली. अगदी लहान हातांना सोपे खेळणे हवे, हे मान्य. परंतु ज्या वस्तूचा जन्म मुलासाठी झाला, तिच्यातील उत्तम कारागिरी पैसेवाल्या प्रौढाकडे गेली आणि मुलाच्या वाट्याला कचकडे आले, ही गोष्ट स्वाभाविक मानण्याचे कारण नाही. चीनमध्ये बिनपरवाना तयार होणाऱ्या नकला अनेकदा मूळ किंमतीच्या अंशाने विकल्या जातात आणि काहींत मूळ वस्तूहून अधिक धातूही असतो. किंमत केवळ घडणीची नसते, हे त्या नकला सिद्ध करतात. तथापि त्या उपाय नव्हेत. तेथील कामगार तर आणखीच अंधारात असतो, आणि रंगात काय मिसळले आहे हे तपासणारेही कोणी नसते.

आपल्या देशाचा ह्याच्याशी संबंध आयात शुल्काच्या रूपाने येतो. भारत सरकारने खेळण्यांवरील शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले. १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक संस्थेचे चिन्ह सक्तीचे झाले. मुलांच्या सुरक्षिततेसाठी प्रमाणीकरण हवेच. शुल्कामुळे मुंबई-पुण्याच्या संग्राहकाला तेच खेळणे अधिक महाग पडते, हे फारसे शोचनीय नाही. विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे. संरक्षण मिळालेल्या देशी उद्योगात कामगारांची स्थिती काय आहे? हा उद्योग बहुतांशी असंघटित आहे. शुल्काची भिंत मालकाचे रक्षण करते. तिच्या आत किमान वेतन, निश्चित तास आणि उघडी दारे आहेत की नाहीत, हे कामगार संघटनांनी पाहावयाचे आहे.

काही मित्र म्हणतील की इतके सारे कळल्यावर ही खेळणी घेणेच सोडावे. ह्या व्रतस्थ उपायावर लेखकाचा विश्वास नाही. एकाने खरेदी थांबविल्याने व्हिएतनाममधील मजुराचा तास कमी होत नाही. आणि सुंदर, कल्पक वस्तूंवर प्रेम करणे हा गुन्हा नव्हे. समाजवादाने माणसाला दारिद्र्याची दीक्षा देण्याचे वचन कधी दिलेले नाही. मागणी वेगळी हवी. खोक्यावर कारखान्याचे नाव असावे, तेथील तपासणीचे अहवाल खुले असावेत, मोडलेला भाग बदलून मिळावा, आणि आगाऊ पैसे घेणाऱ्याने मजुरीचा हिशेबही आगाऊ द्यावा. सांध्यातील केसाएवढी फट शोधून काढणाऱ्या चोखंदळ ग्राहकांना एवढे विचारणे जड जाऊ नये.

आपल्या कार्यकर्त्यांच्या ओळखीत असा एखादा संग्राहक निघेलच. त्याच्या कपाटाला हसण्याऐवजी त्याच्याकडून ते खेळणे हाती घ्यावे, रूप बदलून पाहावे, घडणीचे कौतुक करावे. मग ते उलटे करून तळाची बारीक अक्षरे त्याला वाचून दाखवावीत.