तारेवरून पलीकडे

दोस्तांनो, 'तारेवरची कसरत करणे' या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग तुम्ही परीक्षेत कितीतरी वेळा केला असेल. 'महागाईमुळे आईला घरखर्च भागवताना तारेवरची कसरत करावी लागते' हे आपलं ठरलेलं वाक्य! आज आपण खऱ्याखुऱ्या तारेविषयी बोलणार आहोत. मात्र या तारेवर चालायचं नसतं, तिला लटकायचं असतं. एका डोंगरावरून सुटायचं आणि मधली दरी ओलांडून समोरच्या डोंगरावर जाऊन उतरायचं. तारेवरून चाक पळतं तेव्हा 'झ्झ्झिप' असा आवाज होतो. या प्रकाराचं नाव झिपलाइन.

हल्ली सहलीच्या बऱ्याच ठिकाणी दोन खांबांमध्ये तार बांधून झिपलाइन केलेली असते. इकडून बसलं की तिकडे, झालं! तिकिटाची रांग मोठी आणि मजा छोटी. खरी गंमत डोंगरातल्या झिपलाइनची. तिथे एकामागून एक अशा चारपाच तारा असतात, मधे थोडं चालायचं असतं आणि बरोबर माहीतगार वाटाडे असतात. राजस्थानात दिल्ली-जयपूर रस्त्यावर नीमराणा नावाचं गाव आहे. तिथल्या किल्ल्यामागच्या डोंगरात २००९ साली अशी पाच तारांची सहल सुरू झाली. भारतातल्या अगदी पहिल्या सहलींपैकी ही एक.

माझी थोरली बहीण दिल्लीला राहते. तिथून नीमराणा सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. तेव्हा भावोजी, बहीण, आठवीतला भाचा, सहावीतली भाची आणि मी अशी आमची वरात एका हिवाळ्यात तिकडे निघाली. किल्ला १४६४ साली बांधायला घेतलेला. डोंगराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेला, त्यामुळे खालून पाहिलं की दिवाळीतल्या किल्ल्यासारखा दिसतो. हा डोंगर अरवलीचा. आपला सह्याद्री ज्या काळ्या पाषाणाचा, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. अरवलीपुढे तो अगदी कालचं पोर! अरवलीची गणना जगातल्या अतिप्राचीन पर्वतांमध्ये होते. ऊन, वारा, पाऊस यांनी झिजून झिजून तो आता बुटका झाला आहे, पण मधल्या घळी खोल आहेत.

आधी उंची आणि वजन पाहिलं. मग प्रत्येकाला हार्नेस चढवला. हार्नेस म्हणजे जाड पट्ट्यांची झोळी, एक पट्टा कमरेला आणि दोन मांड्यांना. डोक्यावर हेल्मेट, हातात चामड्याचे जाडजूड हातमोजे. हार्नेसला दोन दोऱ्या आणि प्रत्येक दोरीच्या टोकाला कॅराबिनर, म्हणजे तोंडाला स्क्रू असलेली धातूची कडी. मग जमिनीपासून थोड्याच उंचीवरच्या एका छोट्या तारेवर सगळ्यांकडून सराव करून घेतला. हातमोजा असतो तो ब्रेक लावायला. हात चाकाच्या मागच्या बाजूला तारेवर हलकेच ठेवायचा आणि खूण झाली की दाबायचा. चाकाच्या पुढे हात कधीही न्यायचा नाही. का, ते तुम्हीच सांगा. चाक बोटांवरून जाईल की नाही?

माझ्या भाच्याला सगळं आधीच येत होतं. (आठवीत सगळ्यांनाच येतं.) "मावशी, यात काय आहे, गावाला विहिरीत उड्या मारतो की आपण!" असं म्हणत तो पहिली तार झपकन पार करून गेला. दुसरीही गेली. तिसऱ्या तारेपाशी आलो आणि तिथून जे दिसलं, त्यानं मीसुद्धा क्षणभर गप्प झाले. समोरचं मचाण काडेपेटीएवढं. तार निम्म्यानंतर दिसेनाशीच होत होती. खाली झुडपं होती आणि त्यांच्यावरून घारी उडत होत्या. घार वरून पाहायची मला सवय नाही. तुम्हालाही नसेल.

भाची मचाणाच्या कठड्याला धरून उभी राहिली. "मी नाही जाणार."

मग व्हायचं तेच झालं. भाचा म्हणाला, "भित्री भागूबाई!" बहीण म्हणाली, "अगं, एवढे पैसे भरलेत." आणि भावोजी म्हणाले, "काही होत नाही गं, डोळे मीट आणि सुट!"

तिथे जो वाटाड्या होता, तो असेल पंचविशीतला, त्याच गावाकडचा. त्यानं भावोजींना हात जोडले आणि हिंदीत म्हणाला, "साहेब, काही होत नाही असं नका सांगू. काही होऊ नये म्हणून तर आम्ही इथे उभे आहोत." मग तो भाचीसमोर उकिडवा बसला. "बेटी, जायचं नसेल तर इथून खाली पायवाट आहे, मी सोडायला येईन. काही विचारायचं असेल तर विचार."

मला वाटलं होतं, ती पायवाट निवडेल. पण तिनं विचारलं, "भैया, ही कडी सुटली तर?"

त्यानं तिच्याच हार्नेसच्या दोन्ही कड्या तिच्या हातात दिल्या. एक चाकाला, दुसरी वेगळ्या दोरीवरून. पहिलीला काही झालं तरी दुसरी असतेच. प्रत्येक कडीचा स्क्रू घट्ट फिरवलाय का, ते तो बोटानं चाचपून पाहत होता आणि मग त्याचा जोडीदार पुन्हा पाहत होता. मचाणावरही एक कडी काढायची तर दुसरी आधी लावलेली हवी, हा नियम. सकाळपासून त्यांनी हे किती वेळा केलं असेल! तरी दर वेळी पहिल्यांदाच करत असल्यासारखं करत होते. मला तर उड्या मारणाऱ्यांपेक्षा हे कंटाळवाणं काम न कंटाळता करणारेच खरे शूर वाटतात.

भाचीचा दुसरा प्रश्न : "तार तुटली तर?"

आता ही तार म्हणजे विजेची बारीक तार नव्हे, बरं का. हा पोलादी दोर असतो. त्याची जन्मकथा मोठी छान आहे. जर्मनीत हार्झ नावाच्या डोंगरात चांदीच्या खोल खाणी होत्या. माल वर ओढायला तिथे तागाचे दोर आणि लोखंडी साखळ्या वापरत. दोर कुजत. साखळीचं तर असं की, शंभर कड्यांपैकी एक तुटली की उरलेल्या नव्याण्णव फुकट! विल्हेल्म आल्बर्ट नावाच्या तिथल्या खाण-अधिकाऱ्यानं १८३४ साली लोखंडी तारांचा दोर वळून पाहिला. चार तारांचा एक पेड आणि अशा तीन पेडांचा पीळ. म्हणजे आपली तीन पेडी वेणीच म्हणा ना! यातली एखादी तार तुटली तरी भार बाकीच्या तारा वाटून घेतात, आणि तुटलेली तार वर टोक काढून दिसते, म्हणजे दोर बदलायची सूचना आधीच मिळते. आजच्या झिपलाइनचे दोर याच वंशातले. मात्र सूचना मिळाली तरी ती पाहणारा माणूस हवा. म्हणून चांगल्या ठिकाणी रोज सकाळी, पहिला पाहुणा जाण्याआधी, तिथली माणसं स्वतः तार तपासतात आणि तिच्यावरून जाऊन येतात.

भाचाही आता जवळ सरकून ऐकत होता. त्यानं विचारलं, "पण मग तार अशी सैल का? मधे केवढा झोल आहे! ताणून सरळ का नाही बांधत?"

याचं उत्तर तुमच्या गॅलरीतल्या वलणीवर आहे. वलणी खूप ताणून बांधा आणि तिच्या मधोमध ओली चादर टाका. पुष्कळदा खिळाच उपटून येतो. असं का? गणित करून पाहू. समजा, ६० किलोचा माणूस तारेच्या मधोमध लटकलाय आणि तार दोन्ही बाजूंना आडव्या रेषेपासून १० अंश खाली झुकली आहे. अशा वेळी तारेवर ताण येतो सुमारे १७३ किलोंचा. तार आणखी ताणली आणि झोल निम्मा करून कोन ५ अंशांवर आणला, तर ताण होतो सुमारे ३४४ किलो! माणूस तोच, ताण मात्र दुप्पट. तार अगदी सरळ ठेवायची म्हटलं तर जगातला कुठलाच दोर पुरणार नाही. (दहावीतल्या दादा-तायांनी साईनचं कोष्टक घेऊन ताळा करावा.) म्हणून झोल हवाच.

या झोलाचा आणखी एक फायदा आहे. सुरुवातीला तार उताराची असते, शेवटी किंचित चढाची होते. त्यामुळे पलीकडे पोचता पोचता वेग आपोआप कमी होतो.

भाचीनं हे ऐकलं मात्र, तिचा तिसरा प्रश्न तयार : "मग मी मधेच थांबले तर?"

वाटाड्या हसला. "तू थांबशीलच, बेटी. हलकी आहेस ना!"

जड माणूस लवकर पोचतो, हलका रेंगाळतो. पण तुम्ही तर विज्ञानात शिकलात की जड आणि हलकी वस्तू सारख्याच वेगानं पडतात! ते खरंच आहे, पण हवा नसेल तर. तारेवर समोरून वारा अंगावर येतो. तो अडवतो दोघांनाही, पण जडाला खाली ओढणारा जोर जास्त, त्यामुळे त्याच्यावर वाऱ्याचा परिणाम कमी होतो. हलकं मूल त्या शेवटच्या चढावर थांबतं आणि लगेच काही केलं नाही तर मागे, झोलाकडे घरंगळायला लागतं. म्हणून थांबता क्षणी तार हातानं पकडायची, पाठ पलीकडच्या मचाणाकडे करायची आणि विहिरीतून पोहरा ओढावा तसं एकापुढे एक हात टाकत स्वतःला मागे ओढत न्यायचं. त्यानं तिला मचाणावरच दोनदा ते करायला लावलं. "आणि नाहीच जमलं, तर मी येऊन घेऊन जाईन."

भाची गेली. डोळे मिटून नाही, चांगली उघडे ठेवून. आणि सांगितल्याप्रमाणे अगदी वीसपंचवीस फूट अलीकडे थांबली! इकडे बहिणीनं माझा दंड असा धरला की दोन दिवस वळ होता. पण ती पोरगी शांतपणे वळली, हात मारत मारत मचाणावर पोचली आणि तिकडून तिनं हात हलवला. पाठोपाठ भाचा गेला. तोही थांबला! गंमत म्हणजे त्याला आता विहिरीचं काही आठवेना. पलीकडून बहीणच ओरडून सांगत होती, "अरे दादा, वळ आधी! तार सोडू नकोस!"

चौथ्या आणि पाचव्या तारेचं फारसं सांगण्यासारखं नाही. मजा आली, सगळे खाली आलो आणि कचोऱ्या खाल्ल्या.

आपल्यासाठी ही हौस झाली, पण काही मुलांना तारेवरून रोजच जावं लागलंय. २०१३ च्या जूनमध्ये उत्तराखंडात महापूर आला आणि मंदाकिनी नदीवरचे कितीतरी पूल वाहून गेले. तेव्हा पलीकडच्या गावांसाठी नदीवर पोलादी दोर बांधून ट्रॉल्या सोडल्या होत्या. लोखंडी पिंजऱ्यात बसायचं आणि दोरी ओढत ओढत पलीकडे जायचं. शाळेची मुलं दप्तरं घेऊन यातूनच जात. दोर आणि कप्पी यांच्यात बोटं सापडून तिथे लोकांना दुखापतीही झाल्या. पुलाचं काम रेंगाळलं की काय होतं, ते त्या मुलांना विचारावं.

आपल्या महाराष्ट्रातही झिपलाइनची एक चुलत बहीण आहे. तिचं नाव व्हॅली क्रॉसिंग. खंडाळ्याजवळच्या ड्यूक्स नोजवर, म्हणजे आपल्या नागफणीवर, गिर्यारोहण संस्था दोर बांधून दरी ओलांडण्याचे कार्यक्रम करतात. तिथे तार नसते, गिर्यारोहणाचे दोर असतात.

आईबाबांनो, आता दोन शब्द तुमच्याशी. अशा ठिकाणी गेलात तर आधी पाहा : दुसरी सुरक्षादोरी आहे का? कड्या एकानं लावल्यावर दुसरा तपासतो का? आधी सराव करून घेतात का? वजनाची आणि उंचीची मर्यादा कुणी विचारतं का? 'चालतंय हो, बसवा' असं ऐकू आलं, तर पैसे भरले असले तरी परत फिरा. आणि मूल 'नाही' म्हणालं, तर त्याला आधी प्रश्न विचारू द्या. उत्तरं ऐकूनही 'नाही'च म्हणालं, तर पायवाट असतेच.

आता तुमच्यासाठी सुट्टीचा उद्योग. दोऱ्याचं रिकामं रीळ घ्या. त्यातून चारपाच मीटर लांब नायलॉनची दोरी ओवा. एक टोक खिडकीच्या गजाला उंचावर आणि दुसरं खुर्चीच्या पायाला बांधा. रिळाला दोऱ्यानं रिकामी काडेपेटी टांगा आणि वरून सोडा. एकदा काडेपेटी रिकामी, एकदा आत पाच नाणी, एकदा दहा. मग दोरी सैल करून पाहा. मग काडेपेटीला समोरून वहीच्या कागदाचं शीड चिकटवून पाहा. प्रत्येक वेळी घड्याळ लावा आणि काडेपेटी कुठे थांबली तिथे खडूनं खूण करा. नाण्यांनी जास्त फरक पडला, झोलानं की शिडानं? आम्हाला पत्रानं कळवा.

आणि हो, वलणीला स्वतः लटकून पाहायचं नाही! ते १७३ किलोंचं गणित आठवतंय ना?