विश्लेषण : हार्वर्डच्या बोधचिन्हावरील गव्हाच्या पेंढ्यांचा गुलामगिरीशी काय संबंध?

अमेरिकेतील हार्वर्ड लॉ स्कूलने २०१६ मध्ये विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर आपले जुने बोधचिन्ह रद्द केले. त्यावर गव्हाच्या तीन पेंढ्या होत्या. हे चिन्ह मूळचे १८व्या शतकातील श्रीमंत व्यापारी आयझॅक रॉयल यांच्या घराण्याचे.

कोण होते आयझॅक रॉयल?

रॉयल यांच्या वडिलांचे नावही आयझॅकच. त्यांनी कॅरेबियनमधील अँटिग्वा बेटावर उसाचे मळे आणि गुलामांच्या व्यापारातून संपत्ती जमवली. १७३७ मध्ये हे कुटुंब मॅसॅच्युसेट्समधील मेडफर्डला आले. दोन वर्षांनी वडील वारले आणि सारे मुलाकडे आले. १७७५ मध्ये स्वातंत्र्ययुद्ध पेटताच ब्रिटिशांच्या बाजूचे मानले जाणारे रॉयल देश सोडून गेले. १७८१ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचे निधन झाले.

हार्वर्डशी संबंध कसा?

मृत्युपत्रात त्यांनी हार्वर्डला जमीन दिली होती. त्या पैशातून १८१५ मध्ये कायद्याच्या पहिल्या प्राध्यापकाचे पद निर्माण झाले. दोन वर्षांनी लॉ स्कूल सुरू झाले.

बेलिंडा यांचा अर्ज काय होता?

बेलिंडा सटन यांनी रॉयल कुटुंबाकडे सुमारे ५० वर्षे गुलामीत काढली. १७८३ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला. ही संपत्ती काही अंशी आपल्या श्रमातून उभी राहिली, तेव्हा त्यातून स्वतःच्या आणि आजारी मुलीच्या पोटापुरते मिळावे, अशी मागणी होती. वर्षाला १५ पौंड १२ शिलिंग मंजूर झाले. पण रक्कम नियमित मिळाली नाही आणि त्यांना पुन्हा पुन्हा अर्ज करावे लागले.

बोधचिन्ह काढल्याने प्रश्न सुटला का?

यावर तेव्हाही एकमत नव्हते. गुलामगिरीच्या अभ्यासक, प्राध्यापक अ‍ॅनेट गॉर्डन-रीड यांनी चिन्ह ठेवावे, असे मत दिले होते. चिन्ह गेले तर त्यामागच्या माणसांचाही विसर पडेल, असा त्यांचा मुद्दा होता. २०१७ मध्ये लॉ स्कूलच्या आवारात या गुलामांचे स्मारक उभारण्यात आले. २०२२ मध्ये हार्वर्डने गुलामगिरीशी असलेल्या संबंधांचा अहवाल प्रसिद्ध करून १० कोटी डॉलरचा निधी जाहीर केला.

पुढे काय?

बोधचिन्ह बदलायला एक निर्णय पुरतो. हा निधी गुलामांच्या वंशजांपर्यंत किती आणि कसा पोहोचतो, हे महत्त्वाचे. मंजूर झालेले पैसे हाती न पडण्याचा अनुभव बेलिंडा यांनी घेतलाच होता.